सहकाराचे भाष्यकार : कै. प्रा. धनंजयराव गाडगीळ

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. बहुधा ते चरित्र एखाद्या संताचे, समाजसुधारकाचे अथवा आपल्याच ज्ञातीतील कर्तबगार पुरुषाचे असते. यंदा ज्यांचे चरित्र आम्ही वाचकांच्या हाती देत आहोत ते कै. प्रा. धनंजय रामचंद्र गाडगीळ आपल्या ज्ञातीचे नव्हते, जिंतूरचे नव्हते, आणि मराठवाड्याचेही नव्हते. ते अर्थशास्त्राचे पंडित होते. शिवणकाम आणि कापडाचा किरकोळ व्यापार यांवर चरितार्थ चालविणाऱ्या आपल्या कुटुंबांचा या पंडिताशी संबंध काय, असा प्रश्न कित्येकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर प्रथम देणे आम्हांस प्राप्त आहे.

आपल्या गावातील शिवणकाराची आजची स्थिती कोणास अपरिचित नाही. दोरा, अस्तर, बटणे आणि कापड हा माल प्रत्येकजण आपापला वेगळा आणतो. कोणी परभणीस जातो, कोणी नांदेडास. माल थोडा असल्यामुळे भाव चढा पडतो, आणि रोकड नसल्यामुळे उधारीवर आणखी चढतो. दुसऱ्या टोकास गिऱ्हाईक आहे. सणासुदीला आणि लग्नसराईत काम उरकत नाही. एरवी यंत्रावर धूळ बसते. जून महिन्यात एखाद्या शाळेच्या गणवेशाचे मोठे काम निघाले तर ते एकट्या माणसाच्या आवाक्याबाहेरचे असते. म्हणून ते बाहेरगावचा मोठा ठेकेदार घेतो, आणि पुढे त्यातीलच चार कपडे नगावर शिवून देण्यासाठी आपल्याच घरांतील भगिनी त्याच्याकडे जातात. हातात कसब आहे, घरात यंत्र आहे, परंतु माल कोठून यावा आणि कोठे जावा, ही दोन्ही टोके दुसऱ्याच्या हाती आहेत.

यावर उपाय म्हणून एकत्र खरेदी करावी आणि मोठी कामे मिळून घ्यावीत, असा विचार आपल्या मंडळाच्या बैठकीत निघाला, हे सभासदांस ठाऊक आहेच. त्या वेळी दोन शंका पुढे आल्या. पहिली अशी की, पैशाच्या व्यवहारात एकमेकांवर विश्वास ठेवावा तरी कसा? दुसरी अशी की, असे काही काढलेच तर त्यात ज्ञातीबाहेरील शिवणकारांस घ्यावे किंवा कसे? या दोन्ही प्रश्नांचा विचार गाडगीळांनी आपल्या आयुष्यात केला, आणि केवळ पुस्तकात न करता उसाच्या फडाशेजारी कारखाना उभा करून केला. म्हणून हे चरित्र.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण नागपुरास झाले. पुढे ते विलायतेस गेले आणि केंब्रिज विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचे अध्ययन केले. तेथे लिहिलेला त्यांचा प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानातील उद्योगधंद्यांची अलीकडच्या काळात कसकशी स्थित्यंतरे झाली, हा त्या ग्रंथाचा विषय. ग्रंथकर्ता तेव्हा अवघा तेवीस वर्षांचा होता. पुढे कित्येक वर्षे हा ग्रंथ देशातील महाविद्यालयांत अभ्यासला गेला आणि त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

आपल्या दृष्टीने या ग्रंथातील एक विवेचन फार मोलाचे आहे. आपल्या देशातील नामांकित हस्तव्यवसाय का मोडले, याचा त्यांनी शोध घेतला. विलायती गिरण्यांनी आमचे कारागीर बुडविले, असे आपण एका वाक्यात सांगून मोकळे होतो. गाडगिळांनी कारणांची फोड केली. राजेरजवाडे आणि सरदार यांचे दरबार मावळले, त्यामुळे उंची मालाचे गिऱ्हाईक गेले. परकी अंमल आल्यावर नव्या सुशिक्षित वर्गाची आवडनिवड पालटली. यंत्राने निघालेल्या स्वस्त मालाची स्पर्धा हे त्यांनी दाखविलेले तिसरे कारण होय. खेड्यातील कारागिराची स्थिती शहरातील कारागिराहून निराळी कशी होती, हेही त्यांनी विस्ताराने मांडले.

विणकराचे उदाहरण घेतले म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते. विणकर सर्वस्वी नाहीसा झाला नाही. गिरणीचे सूत आले तेव्हा हातमागावर तेच सूत चढवून तो तगून राहिला. परंतु सूत विकणारा व्यापारी आणि कापड विकत घेणारा व्यापारी बहुधा एकच असे. तो सूत उधार देई आणि कापड आपल्या भावाने घेई. माग विणकराचा, घर विणकराचे, कसबही त्याचेच. पण तो नावापुरता स्वतंत्र राहून वस्तुतः मजूर झाला. ज्याच्या हातात मालाची आवक आणि जावक, त्याच्या हातात धंदा, हे सूत्र येथून शिकण्यासारखे आहे. आपल्या शिवणयंत्राची कहाणी याहून फारशी निराळी नाही.

विलायतेहून परतल्यावर काही काळ ते मुंबई सरकारच्या अर्थखात्यात होते. १९२५ पासून काही वर्षे सुरत येथील महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी सांभाळले. १९३० साली रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. भारतसेवक समाजाच्या आवारात सुरू झालेल्या या संस्थेचे संचालकपद धनंजयरावांकडे आले, आणि १९६६ पर्यंत, म्हणजे सुमारे छत्तीस वर्षे, ते त्यांनी सांभाळले. मोठमोठ्या पदांची वाट मोकळी असता एका लहान संस्थेत माणसाने उमेदीचा सर्व काळ घालवावा, हे त्या पिढीतील निष्ठेचे द्योतक होय.

या संस्थेत त्यांनी अर्थशास्त्राला दाराबाहेर काढले. पुण्याच्या बाजारात फळे कशी येतात व कशी विकली जातात, याची पाहणी त्यांनी १९३३ साली प्रसिद्ध केली. मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांत मोटारबसची वाहतूक कशी चालते, यावर दुसरी पाहणी झाली. वाई तालुक्यातील शेतीच्या जमाखर्चाचा अभ्यास झाला. पुणे शहरातील घरोघरची मिळकत, धंदे आणि राहणी यांची मोठी पाहणी झाली. कालव्याच्या पाण्याने मुलखात काय फरक पडतो, हे गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रदेशात जाऊन तपासले गेले. विद्वान म्हटला की तो तत्त्वांच्या गोष्टी सांगणार, अशी आपली समजूत असते. या गृहस्थाने पेरूची टोपली बागेतून निघून गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचेपर्यंत वाटेत किती हात लागतात, हा प्रश्न विद्वानांच्या विचाराला योग्य मानला. आम्हांस त्यांचे मोठेपण येथेच प्रथम दिसते.

पाहण्यांतून आणि अभ्यासातून त्यांचे एक मत दृढ होत गेले. लहान शेतकऱ्याला अथवा कारागिराला नुसते कर्ज दिल्याने तो वर येत नाही. कर्ज, कच्चा माल, साठवण, वाहतूक, प्रक्रिया आणि विक्री या एकाच साखळीच्या कड्या आहेत. त्यांतील एक कडी सहकाराची आणि बाकीच्या सावकाराच्या, अशी स्थिती असली तर सहकारी कडीचा लाभही सावकाराच्याच पदरात पडतो. सरकारने शेतीच्या कर्जपुरवठ्याचा विचार करण्यास जी उपसमिती नेमली तिचे अध्यक्षपद धनंजयरावांकडे होते. तिचा अहवाल गाडगीळ समितीचा अहवाल म्हणून ओळखला जातो.

पुढे रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ साली देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी केली. ७५ जिल्ह्यांतील ६०० खेडी निवडून सव्वा लाखाहून अधिक कुटुंबांची विचारपूस झाली. ए. डी. गोरवाला हे त्या समितीचे अध्यक्ष होते आणि धनंजयराव सदस्य होते. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाने देशाचे डोळे उघडले. शेतकऱ्याने घेतलेल्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांनी पुरविलेला भाग शेकडा सुमारे ३ एवढाच निघाला. सावकारांचा भाग शेकडा ७० च्या आसपास होता. सहकाराचा कायदा देशात १९०४ साली आला होता, म्हणजे पन्नास वर्षांची ही कमाई! सहकार फसला हे समितीने लपविले नाही, परंतु तो टाकून द्यावा असेही म्हटले नाही. कर्जाची सांगड विक्रीशी घालावी, जागोजाग गोदामे बांधावीत, सरकारने भागीदार होऊन सहकारी संस्थांस प्रारंभीचे बळ द्यावे, अशी एकात्म योजना तिने मांडली. १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, आणि पुढे वखार महामंडळे निघाली, ती याच अहवालाच्या अनुरोधाने. बाजाराच्या गावी वखारीत माल ठेवून पावतीवर उचल घेणारा आजचा शेतकरी नकळत या अहवालाचा ऋणी आहे.

आता त्यांच्या आयुष्यातील ज्या कार्यामुळे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत त्यांचे नाव पोहोचले त्याकडे वळू. अहमदनगर जिल्ह्यात प्रवरा नदीच्या कालव्यावर उसाचे मळे झाले होते. पाणी आले, पण सुख आले नाही. शेतकरी गुऱ्हाळ लावून गूळ करी आणि अडत्याकडे नेई. गुळाचा भाव चढला की चार पैसे दिसत. कोसळला की जमीन गहाण पडे. आसपास खाजगी मालकीचे साखर कारखाने उभे राहिले होते, आणि कित्येक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी त्यांना खंडाने देऊन टाकल्या होत्या. विणकराची जी गत सुताच्या व्यापाऱ्यापुढे झाली, तीच उसाच्या शेतकऱ्याची होऊ घातली होती.

त्या भागात लोणी गावी विठ्ठलराव विखे पाटील हे अल्पशिक्षित पण मोठ्या धारणेचे शेतकरी होते. त्यांनी १९२३ सालीच गावात सहकारी पतपेढी काढली होती. १९४५ साली बेलापूर येथे बागाईतदारांची परिषद भरली. तिचे अध्यक्ष म्हणून धनंजयराव आले, आणि शेतकऱ्यांनी आपला स्वतःचा साखर कारखाना सहकारी तत्त्वावर काढावा, हा विचार तेथे पुढे आला. केंब्रिजचा पदवीधर आणि लोणीचा शेतकरी यांची ही जोडी महाराष्ट्राच्या इतिहासात संस्मरणीय ठरली. विखे पाटलांनी गावोगाव हिंडून भाग गोळा केले. धनंजयरावांनी योजनेचा हिशोब मांडला, सरकारदरबारी आणि वित्तसंस्थांपाशी तिची बाजू मांडली. मुंबई सरकारचे तत्कालीन अर्थ व सहकारमंत्री कै. वैकुंठभाई मेहता यांचे पाठबळ लाभले. प्रवरानगरचा हा कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, आणि शेतकऱ्यांच्या आग्रहावरून त्याचे पहिले अध्यक्षपद धनंजयरावांनी स्वीकारले. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीचा हा प्रारंभ होय.

कारखान्याची घडी कशी बसविली गेली, हे आपल्यासारख्या लहान धंदेवाल्यांनी बारकाईने पाहण्यासारखे आहे. उसाखालील जमिनीच्या मानाने सभासदाने भाग घ्यावयाचे; पण मत प्रत्येकाचे एकच, मग त्याचे भाग दोन असोत वा दोनशे. सभासदाने आपला ऊस कारखान्यासच घालावयाचा. भाव वर गेला म्हणून गुऱ्हाळाकडे वळवावयाचा नाही. उलट, कारखान्यानेही सभासदाचा ऊस घेतलाच पाहिजे. लागवडीची नोंद ठेवून तोडणीचा क्रम लावावयाचा, म्हणजे सर्वांचा ऊस एकाच आठवड्यात दारी येऊन वाळून जात नाही आणि यंत्रही रिकामे राहत नाही. तोडणी आणि वाहतूक प्रत्येकाने आपली न पाहता कारखान्याने एकत्र पाहावयाची. उसाचा भाव सर्वांस सारखा. मिळणाऱ्या पैशातून प्रत्येकाच्या नावे थोडी ठेव कापून ठेवावयाची, की पुढच्या वर्षी कर्जासाठी दुसऱ्याच्या दारी जाणे नको. याप्रमाणे माल, वाहतूक, प्रक्रिया, विक्री आणि भांडवल या पाचही कड्या उत्पादकाच्या हाती आल्या.

बैठकीत पहिली शंका निघाली होती ती विश्वासाची. प्रवरानगरचे शेतकरी काही देवमाणसे नव्हते. तेथेही भाऊबंदकी होती, गावागावांत वैर होते. परंतु वरील व्यवस्थेत माणसाच्या चांगुलपणावर फारच थोडे सोपविले होते. मापाचा काटा सर्वांसमक्ष, भाव आधी ठरलेला, नोंद लेखी, हिशेब तपासनिसाकडून तपासलेला आणि वार्षिक सभेपुढे मांडलेला. अशा व्यवहारात एकमेकांवर विश्वास नसलेली माणसेही एकत्र येऊ शकतात, आणि विश्वास मागाहून आपोआप उत्पन्न होतो. आपण मात्र आधी विश्वास जमेल आणि मग व्यवहार करू, अशी वाट पाहत बसतो. तो योग त्यामुळे कधीच येत नाही.

दुसरी शंका ज्ञातीची. ही अधिक नाजूक आहे, आणि ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत तिला बगल देणे आम्हांस योग्य वाटत नाही. धनंजयरावांनी हिंदुस्थानातील व्यापारी समाजांच्या उदयाचा पुष्कळ अभ्यास केला, आणि १९५९ साली त्यावर त्यांचा ग्रंथही निघाला. ज्ञातीने व्यापारास मदत केली, यात संशय नाही. परगावी गेलेल्या तरुणास आश्रय मिळाला, शब्दावर उधारी मिळाली, धंद्याचे शिक्षण घरातच मिळाले. कारागिरांच्या पंचायतींनीही कसबाचा दर्जा राखला. परंतु ज्या काळी सूत आणि बाजार हाताबाहेर गेले, त्या काळी ज्ञातिपंचायत केवढीही बळकट असली तरी तिला विणकर वाचविता आला नाही. कारण व्यापाऱ्याचा भाव ज्ञात पाहून ठरत नाही. एकाच पेठेत दोन ज्ञातींचे विणकर एकमेकांविरुद्ध भाव पाडीत राहिले की व्यापाऱ्याचे काम आयतेच होते. गुजरातेत अहमदाबादसारख्या शहरी जी महाजने होती ती धंद्यावर उभी होती, आणि एका महाजनात एकाहून अधिक ज्ञातींचे लोक बसत. प्रवरेच्या कारखान्यातही जो ऊस पिकवितो तो सभासद, हीच कसोटी होती. आपल्या मंडळाने आपली शिष्यवृत्ती, आपले वधूवर मेळावे, आपले सभागृह ज्ञातीपुरते चालवावे. त्यात गैर काही नाही. परंतु दोरा आणि अस्तर यांच्या एकत्र खरेदीत जिंतुरातील अर्धे शिवणकार बाहेर ठेवले, तर माल निम्मा, भाव चढा आणि स्पर्धा कायम, असा तो आतबट्ट्याचा व्यवहार होईल, असे आमचे नम्र मत आहे.

धनंजयरावांचे कार्य अर्थकारणापुरते मर्यादित नव्हते. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा तात्त्विक पाया घालण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९४७ च्या अकोला करारावर त्यांची स्वाक्षरी होती, आणि परिषदेची निवेदने तयार करण्यातही त्यांनी श्रम घेतले. आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. जिंतूरचा आणि नाशिक-नागपूरचा माणूस एका राज्यात यावा म्हणून ज्यांनी लेखणी झिजविली, त्यांत हे एक होते.

मराठवाडा महाराष्ट्रात आल्यावर सहकारी कारखानदारीची लाट आपल्याकडेही आली. पूर्णा नदीवर आपल्याच तालुक्यात येलदरी येथे धरण झाले. ते १९६८ साली पुरे झाले. खाली सिद्धेश्वरचे धरण आहे. त्या कालव्यांच्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि वसमत येथे पूर्णा सहकारी साखर कारखाना निघाला. जिंतूर तालुक्याने त्या धरणासाठी जमीन दिली. कारखाने मात्र खालच्या अंगास झाले, कारण पाणी जेथे फिरते तेथे धंदा फिरतो. आपण पाण्याची वाट पाहू शकत नाही. आपल्या धंद्यास पाणी नको, एकी हवी.

१९६६ साली त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली, आणि त्याच सुमारास पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांच्याकडे आले. १९६७ साली त्यांना दिल्लीस योजना आयोगाचे उपाध्यक्ष नेमण्यात आले. चौथ्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी केंद्राने राज्यांना मदत कोणत्या प्रमाणात द्यावी, हा कटकटीचा प्रश्न होता. तोवर ज्याची दिल्लीत चलती त्याला अधिक, अशी तक्रार असे. गाडगीळ यांनी १९६९ साली सूत्र बसविले. मदतीचा शेकडा ६० भाग लोकसंख्येवर, आणि उरलेला दरडोई उत्पन्न, करवसुलीचा प्रयत्न, चालू असलेले मोठे प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी यांवर, प्रत्येकी शेकडा १० प्रमाणे. गाडगीळ सूत्र या नावाने ते प्रसिद्ध आहे. प्रवरेच्या काट्यावर जो न्याय उसाला, तोच येथे राज्यांना लावला गेला असे म्हणता येईल: नियम आधी ठरवावा, सर्वांस माहीत असावा आणि व्यक्ती पाहून बदलू नये.

१९६९ च्या जुलै महिन्यात १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्या वर्षी धनंजयरावांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने, जिल्हा हा घटक धरून बँकांनी आपले काम वाटून घ्यावे, अशी शिफारस केली. त्यातून अग्रणी बँकेची योजना निघाली. आज प्रत्येक जिल्ह्यास एक अग्रणी बँक असते आणि लहान धंद्यांस किती कर्ज द्यावयाचे याचा वार्षिक आराखडा होतो, त्याचे मूळ तेथे आहे. आपल्यांतील ज्यांनी बँकेच्या कर्जातून शिवणयंत्र घेतले, त्यांना हे ठाऊक असावे म्हणून हा उल्लेख.

१९७१ साली योजना आयोगातील पदाचा भार उतरवून ते पुण्यास परत निघाले. ३ मे १९७१ रोजी त्या प्रवासातच, आगगाडीत, त्यांचे देहावसान झाले. वयाची सत्तर वर्षे नुकतीच पुरी झाली होती. घर गाठण्यापूर्वीच हा कर्मयोगी कायमचा विसावला.

चरित्र लिहिताना केवळ गौरव करून थांबणे सोपे असते. परंतु ज्या पुरुषाने सहकाराचे अपयश आकड्यांनिशी जगापुढे मांडले, त्याच्या स्मृतीशी तसे करणे हा द्रोह होईल. त्यांच्या पश्चात महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने उदंड झाले. त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, गावांत दिवे आणले. परंतु पुढे कित्येक ठिकाणी सभासदाची वार्षिक सभा नावापुरती राहिली, हिशेब सामान्य माणसास कळेनासा झाला, पुढाऱ्याचे घर आणि संस्थेचे घर यांतील भिंत पडली. अनेक कारखाने कर्जात बुडाले आणि काही खाजगी मालकांच्या हाती गेले. शिवाय, जो ऊस तोडतो तो मराठवाड्यातील मजूर वर्षानुवर्षे फडावर कोपी घालून राहिला. त्या साखळीत त्याचे श्रम होते, पण त्याला भाग नव्हता. एकत्र आलेल्या लहानांनीसुद्धा आपल्याहून लहान असलेल्यास बाहेर ठेवले, ही या थोर प्रयोगातील उणीव होय. आपण गणवेशाचे काम मिळून घेतले, तर घरी बसून काज-बटण करणाऱ्या भगिनीस नगाची मजुरी देऊन मोकळे न होता तिला सभासद करून घ्यावे, हा धडा येथून घेण्यासारखा आहे.

आता मंडळापुढील विषयाकडे येऊन हा लेख आवरतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० साली झाला. त्याप्रमाणे भिन्नभिन्न कुटुंबांतील किमान दहा व्यक्ती एकत्र आल्या म्हणजे संस्था स्थापन करण्यास अर्ज करता येतो. जिंतुरात शिवणयंत्रे दहाहून कितीतरी अधिक आहेत. आरंभ मोठा करावा असे आम्ही सुचवीत नाही. एक वर्ष केवळ दोरा, अस्तर आणि बटणे एकत्र आणावीत. खरेदीची पावती दुकानात सर्वांस दिसेल अशी लावावी. रोकडीने घ्यावे, रोकडीने द्यावे. वर्षअखेरीस हिशेब सभेत वाचावा. हे निभावले तर पुढल्या जूनमध्ये एखाद्या शाळेच्या गणवेशाचे काम मिळून अंगावर घ्यावे; मापे एकाने, बेतणी दोघांनी, शिलाई सर्वांनी, आणि दर आधी ठरलेला. न निभावले तर नुकसान थोडे होईल आणि चूक कोठे झाली ते लेखी राहील. प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांनी याहून कितीतरी मोठे धाडस केले होते.

नेमगिरीच्या डोंगरात कोरलेली जुनी लेणी आपण लहानपणापासून पाहत आलो. ती एका हाताने कोरली गेली नाहीत. कोणी छिन्नी धरली, कोणी ढपले वाहिले, कोणी अन्न पुरविले, आणि त्यांतील एकाचेही नाव आज आपणांस ठाऊक नाही. आपल्या गावचे मोठे काम हे असे पुष्कळांच्या हातांनी झालेले आहे. कै. धनंजयराव गाडगीळ यांच्या स्मृतीस आमची ही आदरांजली. येत्या वार्षिक सभेत हा विषय पुन्हा पटलावर येणार आहे. त्या वेळी सर्व सभासद कुटुंबांनी, विशेषतः भगिनींनी, अगत्यपूर्वक उपस्थित राहून आपले मत मांडावे, अशी आमची विनंती आहे.